शॉक दिला म्हणजे वेदना संपल्या?

'कत्तलखान्यात कापण्याआधी विजेचा झटका दिला की जनावर लगेच बेशुद्ध होतं, मग क्रूरता कुठे राहिली?' हा प्रश्न रास्त आहे, पण सगळं त्या 'लगेच'वर अवलंबून आहे. प्रवाह मेंदूतून आणि पुरेसा गेला तरच शुद्ध एका सेकंदाच्या आत हरपते. युरोपीय संघाच्या 2009च्या नियमानुसार डोक्यातून द्यायचा किमान प्रवाह डुकराला 1.3 अँपिअर, मेंढीला 1 अँपिअर. प्रवाह कमी पडला तर जनावर नुसतं लुळं पडतं, वेदना मात्र जाणवत राहते. मला हीच शक्यता सर्वात भयंकर वाटते, कारण बघणाऱ्याला ते शांत दिसतं.

कोंबड्यांचं तर आणखी अवघड. जिवंतपणीच पाय अडकवून उलटं टांगतात, मग डोकं वीज सोडलेल्या पाण्यात बुडतं. एकाच टाकीत अनेक पक्षी असतात, प्रत्येकाच्या शरीराचा विद्युतरोध वेगळा, त्यामुळे कुणाला प्रवाह जास्त, कुणाला कमी. फडफडताना पंख आधी पाण्याला लागला तर शुद्धीतच झटका बसतो.

शिवाय फक्त डोक्याला दिलेल्या झटक्यातून जनावर पुन्हा शुद्धीवर येऊ शकतं. म्हणून गळा काही सेकंदांतच कापायला हवा. नियमित श्वास किंवा डोळ्याला स्पर्श केल्यावर पापणीची हालचाल दिसली, तर तिथेच थांबून पुन्हा बेशुद्ध करायला हवं.