अनुभव धागा: काम चांगलं दिसलं, तर सांगता कसं?

आवाहन

आपल्याकडे भाजी आवडली की माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो आणि विषय तिथंच संपतो. रांधणारीला ते कळतंही. तरी तोंडानं सांगितल्यावर तिचा दिवस जसा जातो, तसा नुसत्या रिकाम्या ताटानं जात नाही. शेत, शाळा, अंगणवाडी, चूल, रंगमंच अशा ठिकाणी रोज माणसांत असणाऱ्यांनी लिहावं: कोणतं कौतुक लागू पडतं, कोणतं उलटतं आणि का? आठवणी नकोत, उद्या वापरता येईल असं लिहा. कोणाची नावं-गावंही नकोत.

कापूस पिकवणारा, यवतमाळ जिल्हा

वेचणीची मजुरी किलोवर. संध्याकाळी धुऱ्यावर काटा झाला की मालकाच्या तोंडून आपसूक निघतं, "आज सगळ्यात जास्त हिनं वेचला." इथंच घोटाळा होतो. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी वजनाच्या मागं लागतात. दव वाळायच्या आधीच तासात शिरतात, ओला कापूस ओटीत येतो, वाळकी पत्ती आणि कवडी म्हणजे किडका कापूसही त्यातच. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा 8 टक्क्यांवर गेला की भाव कापतात, 12 च्या वर गेला की माल घेतच नाहीत.

कौतुक वेच्याचं करा. गाठोडं सोडून मूठभर कापूस तळहातावर पसरा, बाकीच्यांनाही दिसू द्या आणि म्हणा, "मावशी, तुह्या वेच्यात पत्ती दिसतच नाही वं. कवडी वेगळी बांधली, ते लय बरं केलं." मग बाकीच्याजणीही आपापलं गाठोडं उघडून पाहतात.

पण स्वच्छ वेचायला वेळ लागतो आणि वजन कमी भरतं. किलोमागं वरचा रुपया द्यायची तयारी नसेल, तर तुमच्या गोड बोलण्यानं तिची मजुरी घटली, एवढाच त्याचा अर्थ. आठवड्याचा चुकारा बाकी असेल तर तोंडच उघडू नये.

अंगणवाडी सेविका, अमरावती जिल्हा

बाळाचं थेट कौतुक इकडे जपूनच. "किती गुटगुटीत!" म्हटलं की आजी मीठ-मोहऱ्या काढायला उठते, आणि रात्री बाळ किरकिरलं तर नाव आपलं. नजर लागते की नाही यावर वाद घालत बसलं तर वजनाचा दिवस जातो. आईनं काय केलं, ते बोलायचं. वाढीचा तक्ता तिच्यासमोर धरायचा, मागच्या महिन्याचा आणि आजचा ठिपका बोटानं जोडून दाखवायचा: "पाहा, रेघ हिरव्या पट्ट्यात वर चढली. तू अंगावरच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा दिलं नाहीस, त्याचं हे." पहिले सहा महिने हे पाळणं सोपं नसतं. उन्हाळ्यात घरातलं प्रत्येक माणूस "दोन घोट पाणी पाज" म्हणत असतं.

हे सासूच्या कानावर पडेल असं बोला. सुनेला उसंत द्यायची की नाही, हे बहुतेक घरांत तिच्याच हाती असतं. सासूनं खरोखर मदत केली असेल तर तिचंही नाव त्याच वाक्यात घ्या. नसेल केली, तर उगाच घेऊ नका. सुनेला खोटं लगेच कळतं आणि पुढचं खरंही ती मानत नाही.

वजन घटलं असेल त्या महिन्यात खोटा दिलासा नको. "तू न चुकता वजनाला आणतेस, म्हणून हे वेळेवर कळलं" एवढं खरं असतं. तेवढं बोला आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवा.

जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, वाशीम जिल्हा

"हुशार आहेस" म्हणणं मी टाळतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सुटल्यावर काहींना हुशारीची शाबासकी दिली, काहींना मेहनतीची. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती बहुतेकांना जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली, तेव्हा हुशार म्हटलेली मुलं मागं पडली आणि मेहनतीची शाबासकी मिळालेली पुढं गेली. हुशारीचा शिक्का पुसला जाईल या धास्तीनं मूल अवघडाला हातच लावत नाही.

वर्गात याचं करायचं काय? कौतुक वहीच्या समासात, चूक सुधारली तिथंच लिहा: "हातचा विसरला होतास, स्वतः शोधून दुरुस्त केलंस." तोंडी शाबासकी शाळेतच राहते, वही घरी जाते. आईबापाला वाचता येत नसेल तर ताई वाचून दाखवते. लाजऱ्या मुलाला टाळ्यांसाठी उभं केलं तर ते पुढच्या वेळी हात वर करत नाही. आईबापासोबत वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेलं मूल परत आलं की पहिल्याच दिवशी त्याचं काय बुडालं ते मोजू नका, टिकलं ते सांगा: "सातचा पाढा अजून पक्का आहे रे तुझा."

याच धाग्यावर, बुलढाण्याहून

गुरुजी, मुलींना "किती शांत आहे" म्हणून शाबासकी देणं तेवढं बंद करा.

गुरुजी

मान्य.

लग्नाच्या स्वयंपाकाचं काम घेणारी, वर्धा जिल्हा

लांब रोटीचं सांगते. बारीक चाळलेली कणीक, मीठ, पाणी. आपटून आपटून तार येईपर्यंत मळायची, हातावर झुलवत वाढवायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अलगद टाकायची. कणीक मुरली नाही तर रोटी फाटते, मडकं फार तापलं तर करपते. करणारीला हे सगळं ठाऊक असतं, म्हणून "मस्त झाली" या शब्दांनी तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही. "एकही फाटली नाही, अन् कडसुद्धा मऊ होती" म्हटलं की तिला कळतं, पाहणाऱ्यानं पाहिलं.

पंगत चालू असताना बोलू नका. तिचे हात पिठात असतात आणि पुढची रोटी मडक्यावर असते. शेवटची पंगत उठली, ती जेवायला बसली, की घरच्या बाईनं स्वतः वाढता वाढता सांगावं. पाहुण्यांनी केलेलं कौतुक घरधन्याजवळ येऊन थांबतं, मागच्या चुलीपर्यंत जात नाही. ते पोचवणं घरच्या बाईचं काम. आणि कृपा करून त्याच दमात "फक्त भाजीत मीठ जरा" सुरू करू नये. मिठाचं दुसऱ्या दिवशी हिशेब करताना सांगा.

झाडीपट्टीचा प्रेक्षक, गडचिरोली जिल्हा

झाडीपट्टी म्हणजे आमच्याकडची रात्रभर चालणारी नाटकं. त्यातले कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा आनंद आहेच. पण रात्रभर पडदा ओढणारा आणि पेटी वाजवणारा यांना कोण विचारतं? दिवाळीनंतर वडशाच्या नाटक मंडळ्या रोज नव्या गावात असतात. "नाटक छान झालं" हे त्यांना रोज ऐकायला मिळतं. प्रवेश सांगा: "बाप दारातून परत फिरला, तिथं पेटी थांबवली, ते जबरदस्त." बक्षिसाची नोट प्रवेश रंगात असताना देऊ नका, दोन प्रवेशांच्या मधे द्या.

ग्रामपंचायतीत काम करणारा, अकोला जिल्हा

पाणी सोडणाऱ्याचं किंवा नाली काढणाऱ्याचं कौतुक करायचं तर ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव घ्या. विषय आधीच विषयपत्रिकेत टाका. ठरावात नेमकं काम लिहा, उदाहरणार्थ "मे महिन्यात मोटार जळाली असताना दोन दिवसांत पाणी सुरू केले." सूचक आणि अनुमोदक गावातलेच दोघं असावेत, पदाधिकारी नकोत. मग इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल त्याच्या हाती द्या. घरी ठेवता येतो असा कागद त्याच्याजवळ दुसरा नसतो. बिघडतं ते दोन ठिकाणी: त्याच ठरावात पुढाऱ्यांची नावं घुसतात, नाहीतर पगार थकलेला असताना शाल-श्रीफळ दिलं जातं.

शेतकरी, वर्धा जिल्हा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाचा खांदा हळद-तुपानं चोळतो आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतो. जू जिथं बसतं, नेमका तोच खांदा. सालगड्याला मात्र वर्षभर कोणी काही म्हणत नाही. गुढीपाडव्याला साल ठरायच्या वेळी केलेलं कौतुक त्याला घासाघीस वाटतं, आणि बऱ्याचदा ती असतेच. पोळ्याची संध्याकाळ बरी, त्या दिवशी पैशाचं बोलणं नसतं. कामाचं नाव घेऊन बोला: "यंदा तिफण सरळ चालवली गा, म्हणून डवरा फिरवताना एक झाड मोडलं नाही."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं चाकांचा लाकडी नंदी घेऊन दारात येतात, आपण बोजारा म्हणजे खाऊचे पैसे हातावर ठेवतो आणि आत वळतो. जरा थांबून विचारा, चाकं कोणी बसवली? नंदी बाजारातून आणलेला असला तरी माळ, झूल, शिंगाचं बेगड यातलं काहीतरी पोराच्या हातचं असतं. ते ओळखून त्याचंच नाव घ्या.