"एका रात्रीत आरसिंक मारा आणि मोकळे व्हा" म्हणणाऱ्यांना उत्तर

एलव्हीएम_नाना:
परवा इथे एकाने लिहिलं की जुन्या स्टोरेजवरून नव्यावर सर्व्हर न्यायला आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) पुरतो, शनिवारी रात्री डाउनटाइम घ्या, कॉपी करा, माउंट बदला आणि सकाळी घरी जा, मिररिंगवाले (जुन्या-नव्या डिस्कवर एकाच वेळी लिहिणारे) उगाच काम वाढवतात. मी दोन दिवस गप्प होतो. पण खाली नवी पोरं "धन्यवाद सर, असंच करतो" लिहायला लागली तेव्हा राहवलं नाही.

आरसिंकला मायनस ए हा पर्याय दिला की सगळं आलं असं धरता ना? हार्डलिंक (एकाच फाइलीची अनेक नावं) त्यात येत नाहीत, एसीएल (कुणाला काय परवानगी ती यादी) येत नाहीत, एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट (फाइलीला जोडलेली जादा माहिती) येत नाहीत. कॅपिटल एच, ए, एक्स वेगळे द्यावे लागतात, आणि स्पार्स फाइली (मधे रिकामी जागा असलेल्या) असतील तर एस पण. दुसरं म्हणजे "आधी एकदा कॉपी केली की शेवटच्या फेरीत फरक तेवढाच जातो" हे एकाच मशीनच्या दोन माउंटमध्ये खरं नाही, तिथे आरसिंक बदललेली फाइल अख्खी कॉपी करतो. 32 जीबीच्या डेटाफाइलमध्ये एक ब्लॉक बदलला तरी 32 जीबी परत.

एआयएक्सवर (आयबीएमची युनिक्स) मी एवढंच करतो: सीएफजीएमजीआरने नवी डिस्क ओळखवायची, एक्स्टेंडव्हीजीने ती व्हीजीत (डिस्कच्या गटात) घ्यायची, मिररव्हीजीने तिच्यावर दुसरी प्रत करायची, सिंक संपला की स्टेल पीपी (प्रतीत मागे राहिलेले तुकडे) शून्य आहेत का बघायचं, दोन-तीन दिवस दोन्हीकडे लिहू द्यायचं, मग अनमिररव्हीजीने जुनी प्रत सोडायची आणि रिड्यूसव्हीजीने जुनी डिस्क गटातून काढायची. रूटव्हीजी (ज्यात सिस्टिम स्वतः असते) असेल तर बॉसबूट आणि बूटलिस्ट, म्हणजे नव्या डिस्कवरून बूट व्हायची सोय, विसरायचं नाही. ॲप्लिकेशन एक मिनिट बंद नाही.

हिंजवडी_रात्रपाळी:
नाना, ती पोस्ट माझी आहे, नाव घेऊन बोला की. आमच्याकडे एआयएक्स उरलंच नाही, सगळं लिनक्स. आणि तुमचा मिरर फाइलसिस्टिममध्ये मोकळी दिसणारी जागासुद्धा ब्लॉक न् ब्लॉक नेतो. नवं स्टोरेज थिन (लिहिलं तेवढीच जागा घेणारं), वापर दीड टीबी, लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) सहा टीबीची, मिरर झाला की सहाच्या सहा टीबी भरलेली दिसते आणि मग मॅनेजर मला विचारतो. शिवाय एक्सएफएस फाइलसिस्टिम लहान करता येत नाही. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सहा टीबीची करून ठेवली, ती आम्ही जन्मभर वाहायची का? आरसिंकने नवी दोन टीबीची केली, विषय संपला. परत फिरायचं म्हणाल तर जुनी लन जशीच्या तशी पडलेली असते, तिला हात कुठे लागतो?

एलव्हीएम_नाना:
थिनचं मान्य, पण नंतर एफएसट्रिम (मोकळी जागा स्टोरेजला कळवणारी कमांड) चालवला आणि स्टोरेज अनमॅप (ती जागा सोडायची सूचना) घेत असेल तर जागा परत मिळते. एक्सएफएसचं मात्र बरोबर आहे, तिथे मला बोलायला जागा नाही.

पण जुनी लन जशीच्या तशी म्हणजे शनिवार रात्रीची! सोमवारी दुपारी नव्या स्टोरेजने दगा दिला तर दीड दिवसाचे व्यवहार कुठून आणणार? मिरर असताना दोन्ही प्रती त्या क्षणाच्या असतात. आणि लहान फाइलींचं काय करता? माझ्याकडे स्कॅन केलेल्या कागदांचा सर्व्हर होता, 1 कोटी 80 लाख फाइली, काम बंद ठेवायची विंडो चार तासांची. शेवटच्या फेरीत बदल जेमतेम काही हजार, पण प्रत्येक फाइल बघत बघत साडेपाच तास गेले. पहाटे पाचला फोनवर साहेबांना "अजून चालू आहे" सांगताना काय वाटतं ते मला माहीत आहे, म्हणून एवढं लिहितोय.

उदगीर_ते_डब्लिन:
दोघंही पीव्हीमूव्हबद्दल (चालू सर्व्हरवर डेटा एका डिस्कवरून दुसरीवर नेणारी कमांड) बोलत नाही आहात, आणि लिनक्सवर निम्मे लोक तेच वापरतात. मी पण वापरायचे. मग एकदा 60 टक्क्यांवर असताना नव्या स्टोरेजचे पाथ (सर्व्हरपासून तिथवरचे रस्ते) गेले. पीव्हीमूव्ह तुकड्या-तुकड्याने नेतो, झालेल्या तुकड्याची जुनी प्रत सोडून देतो, म्हणजे माझा व्हॉल्यूम अर्धा इकडे अर्धा तिकडे. पाथ दोन तासांनी आले म्हणून वाचले. तेव्हापासून एकतर ॲटॉमिक पर्याय (सगळं नेऊन झाल्याशिवाय जुनं न सोडणारा), नाहीतर सरळ एलव्हीकन्व्हर्टने मिरर. तेवढ्या काळात लिहिण्याचा वेग संथ स्टोरेजइतकाच राहतो, म्हणून महिनाअखेरीला लावू नका. आणि नाना, जुनी लन 512 बाइट सेक्टरची, नवी 4096 ची असेल तर एलव्हीएम (लिनक्सचा डिस्क सांभाळणारा भाग) दोन्ही एका व्हीजीत घ्यायलाच नकार देतो. तिथे आरसिंकच.

सॅनवाला:
पद्धत कुठलीही वापरा भाऊ, पण जुन्या लन सोडा! आठ आठ महिने "राहू दे, लागली तर" म्हणून धरून ठेवता, जुन्या स्टोरेजची एएमसी (वार्षिक देखभालीचे पैसे) आम्ही स्टोरेजवाले परत भरतो आणि बोलणी आम्हीच खातो.

हिंजवडी_रात्रपाळी:
सोडतो की, पण तुम्ही आधीच काढून घेता! तिकीट टाकलं शुक्रवारी, सोमवारी काढा असं लिहिलेलं, तुमच्या माणसाने शनिवारीच लन अनमॅप केली, म्हणजे सर्व्हरपासून तोडली. मल्टिपाथमध्ये (एका लनचे सगळे पाथ सांभाळणारी सेवा) पाथ नसला तरी थांबून राहा असं सेटिंग, डिस्कची यादी बघायला पीव्हीएस मारलं तर तेही लटकलं, लोड 300 च्या वर, रात्री तीन वाजता प्रॉडक्शन रिबूट करावं लागलं. आरसीएमध्ये (चूक कशाने झाली त्या अहवालात) नाव कुणाचं? माझं!

सॅनवाला:
आणि तिकिटात काय लिहिता? "लन 14 काढा." प्रत्येक होस्ट ग्रुपला (सर्व्हरच्या गटाला) स्वतःची 14 असते, मी कुठली काढू? मागच्या वर्षी अशीच एका टीमची चालू लन गेली, ती फक्त नंबरवरून. डब्ल्यूडब्ल्यूआयडी (लनचा एकमेव ओळख क्रमांक) द्यायला हात दुखतात का तुमचे?

हिंजवडी_रात्रपाळी:
तारीख वाचायला तुमचे डोळे दुखतात का मग?

उदगीर_ते_डब्लिन:
पुरे रे दोघांचं. आधी व्हीजीरिड्यूस, पीव्हीरिमूव्ह करून जुनी डिस्क एलव्हीएममधून सोडवायची, मग मल्टिपाथ मायनस एफने मॅप काढायचा, मग त्याखालची प्रत्येक एसडी डिव्हाइस (पाथागणिक एक दिसते ती) डिलीट करायची, आणि हे झाल्यावरच सॅनवाल्याला तिकीट. तारीख टाकून तिकीट आधी पाठवायचंच नाही, मशीनवर डिव्हाइस उरली नाही की त्याच वेळी पाठवायचं. मग त्याने शनिवारी काढली काय, सोमवारी काढली काय.

हिंजवडी_रात्रपाळी:
म्हणजे चूक माझीच ठरली शेवटी. बरं, तिकीट आधी टाकलं होतं हे खरं आहे.

सॅनवाला:
आमच्या माणसाने तारीख बघायला हवी होती, तेही खरंच. कुठलीही लन अनमॅप करण्याआधी तिच्यावर आयओ (वाचन-लेखन) येतोय का ते आम्ही आता बघतो.

एलव्हीएम_नाना:
मूळ मुद्दा राहिला बाजूला. रात्रपाळी, पुढची मायग्रेशन कधी?

हिंजवडी_रात्रपाळी:
पुढच्या महिन्यात, अकरा सर्व्हर. डेटाबेसचे चार मिररने करून बघतो, तुमच्या 32 जीबीच्या हिशोबाने. ती सहा टीबीची एक्सएफएस मात्र आरसिंकनेच नेणार, एच, ए, एक्स लावून, त्यात बदल नाही.

एलव्हीएम_नाना:
एस पण लाव. आणि न्यूमेरिक आयडी, म्हणजे फाइलींच्या मालकांची नावं न जुळवता आकडेच जातील.