शब्दचर्चा : क्षार म्हणजे मीठ की सोडा?

इंदूरची मावशी : भाची इथे हिंदी माध्यमात दहावीला आहे. धडा ‘अम्ल, क्षारक एवं लवण’. नीट समजावं म्हणून मराठी पुस्तक उघडून दिलं, तर त्यात आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी! ती विचारते, मावशी, क्षारापासून परत क्षारच? काय सांगू हिला?

बडोदेकर : गुजरातीतही मिठाच्या वर्गाला क्षारच म्हणतात, त्यामुळे आमच्याकडे हा घोळ नाही. तो तुम्हा इंदूर-ग्वाल्हेरवाल्यांचा.

रसायनवाली : मावशी, हिंदीतला क्षारक म्हणजे आपली आम्लारी. पाण्यात विरघळणारा क्षारक तो त्यांचा क्षार, आपला अल्क. आणि आपला क्षार म्हणजे त्यांचं लवण. कॉपर ऑक्साइड घ्या. गरम विरल सल्फ्युरिक आम्लात ते विरघळतं आणि निळं मोरचुदाचं द्रावण होतं, म्हणून आम्लारी. पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्क नव्हे.

माझं मत विचाराल तर जुना अर्थ हिंदीने राखला. राखेतून काढतात तो क्षार. जवखार जवाच्या राखेतला. आपला पापडखार त्याच घरातला. लवण आपण पुस्तकातून घालवलं, पण पादेलोण, शेंदेलोण डब्यात आहेतच की!

भाचीला शब्द घोकायला लावू नका. हळद पाण्यात कालवून कागदाला फासा, वाळू द्या. एका टोकाला धुण्याच्या सोड्याचं पाणी, दुसऱ्याला मिठाचं. सोड्याकडे लालसर तपकिरी होईल, मिठाकडे पिवळंच राहील. लाल जागेवर लिंबू पिळा, पुन्हा पिवळं.

इंदूरची मावशी : केलं. कढीच्या डागाला साबण लागला की लाल होतो, तेच हे! पण मराठी पुस्तकात सोडाही क्षारच म्हटलाय.

रसायनवाली : बरोबरच आहे. तो सोडियम हायड्रॉक्साइड आणि कार्बॉनिक आम्ल यांचा क्षार. त्यातली आम्लारी तीव्र, आम्ल सौम्य. म्हणून द्रावण अल्कधर्मी. मिठात दोन्ही तीव्र, म्हणून ते उदासीन. हिंदीत सोडा हे लवण, त्याचं द्रावण क्षारीय.

बडोदेकर : आणि बोअरच्या पाण्यातले क्षार?

रसायनवाली : कॅल्शियम, मॅग्नेशियमचे, काका. मराठी अर्थानेच क्षार. भाचीने पेपरात मात्र लवण लिहावं.