ड्वार्फ फोर्ट्रेस (संगणकावरचा खेळ): बॉक्साइट नेमकं कुठे वापरायचं?

खाणकामगार७
गाळाच्या थरात बॉक्साइटचे ९ दगड मिळालेत. ज्वालामुखीतून मॅग्मा भट्ट्यांपर्यंत आणायचा आहे, मध्ये दोन फ्लडगेट (प्रवाह अडवणारे, उघडबंद होणारे दरवाजे). एवढे दगड पुरतील का? की वितळवून ॲल्युमिनियम काढू?

दगडफोड्या
ॲल्युमिनियमचा विचार सोडा. खऱ्या जगात बॉक्साइट हेच त्याचं मुख्य खनिज, पण या खेळात ते फक्त नैसर्गिक ॲल्युमिनियमच्या खनिजातूनच मिळतं. बॉक्साइटची खरी किंमत म्हणजे ते मॅग्मात वितळत नाही.

नऊ भरपूर झाले. एका फ्लडगेटला एक दगड आणि त्याला लिव्हरशी (ओढायच्या दांड्याशी) जोडणाऱ्या मेकॅनिझमला, म्हणजे यांत्रिक भागाला, एक. दोन गेटना मिळून चार. लिव्हर मॅग्मापासून दूर असतो, म्हणून त्याच्याकडची मेकॅनिझम कुठल्याही दगडाची चालतात: एक लिव्हर बांधायला, दोन जोडणीला. दोन्ही गेट एकाच लिव्हरवर घेतले तर साधी तीन पुरेत.

घोळ होतो तो जोडताना. लिव्हर जोडताना खेळ दोन मेकॅनिझम मागतो, एक लक्ष्याचं (म्हणजे इथे गेटचं) आणि एक लिव्हरचं. कोणतं कुठे जातंय ते न वाचता निवडलं, की बॉक्साइट लिव्हरमध्ये आणि साधा दगड गेटमध्ये जाऊन बसतो. मॅग्मा येईपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. मग ते मेकॅनिझम वितळतं, गेट मोडून पडतं आणि मॅग्मा पुढे घुसतो.

उष्णमापक
आकडे लक्षात ठेवा म्हणजे पर्याय सुचतात. मॅग्माचं तापमान १२००० उरिस्ट (खेळातलं तापमानाचं एकक). लोखंड १२७६८ ला वितळतं, पोलाद १२७१८ ला. म्हणजे लोखंडी किंवा पोलादी मेकॅनिझमही चालतील. तांबं ११९५२ ला वितळतं, ते बाद. सोनं आणि चांदी त्याहूनही आधी वितळतात.

हिरवी काचही मॅग्मा सोसते. पुढे पंप बसवायचा झाला तर त्याचा स्क्रू आणि पाइप काचेचा करा, बॉक्साइट ब्लॉकसाठी राहू द्या. एका दगडातून चार ब्लॉक निघतात. पंपाचे तिन्ही भाग मॅग्मा सोसणारे हवेत, एकही कच्चा चालत नाही.

दगडफोड्या
बरोबर. पण इथे पंपाची गरज पडेलच असं नाही. भट्ट्या ज्वालामुखीतल्या मॅग्माच्या पातळीला किंवा तिच्या खाली असतील तर नुसता चर पुरतो. पातळीच्या वर न्यायचा असेल तरच पंप, कारण पाण्यासारखा आपल्या दाबाने मॅग्मा वर चढत नाही.

आधी दोन्ही गेट बांधा, जोडा, लिव्हर ओढून उघडझाप पाहा. लिव्हर ओढल्यावर फ्लडगेट लगेच हलत नाही, साधारण १०० टिक (खेळातल्या वेळेचं सर्वांत लहान माप) लागतात, तेव्हा घाबरून दुसऱ्यांदा ओढू नका. सगळं चाललं की गेट बंद करा आणि मगच ज्वालामुखीकडचा शेवटचा चौकोन खोदा. खोदणाऱ्याची परतीची वाट मोकळी ठेवा. मॅग्मा हळू पसरतो, पण अडकलेला खाणकामगार वाचत नाही.

खाणकामगार७
म्हणजे ४ वापरायचे, ५ राखून ठेवायचे. लोखंड आहेच, तर मेकॅनिझम लोखंडाची करून बॉक्साइट फक्त गेटना वापरलं तर?

उष्णमापक
उत्तम. मग दोनच दगड लागतील. फक्त जोडताना लक्ष्याच्या जागी लोखंडीच निवडलंय ना, ते पाहून घ्या.