मदत हवी आहे: इंग्रजी 'कोस्ट'ला यमक सुचवा, पक्कं किंवा जवळपासचं, दोन्ही चालेल

भाट्येकर:
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही काही मित्र रॅप करतोय, अर्धा मराठी अर्धा इंग्लिश, विषय आपली रत्नागिरी आणि एकूणच किनारा. मांडवी, मिऱ्या, पावसात वर ओढून ठेवलेल्या होड्या, नारळी पौर्णिमा असं सगळं त्यात यायला हवंय. हुकलाइन, म्हणजे परत परत येणारी ओळ, 'कोस्ट' या शब्दावर संपते आणि ती आता बदलता येणार नाही, कारण बीट बसवून झालाय आणि बीट बसवणारा जाम तापट आहे.

तर कोस्टला टोस्ट, रोस्ट, पोस्ट एवढंच सुचतंय आणि गाणं किनाऱ्याचं न राहता हॉटेलच्या मेनूकार्डाचं व्हायला लागलंय. एका मित्राचं म्हणणं लॉस्ट, कॉस्ट, फ्रॉस्ट घ्या, स्पेलिंग बघा की, पोस्ट आणि लॉस्ट शेवटी सारखेच. दुसरी म्हणते हे यमकच नाही. यावरून दोन दिवस ग्रुपवर भांडण चाललंय. शिवाय नेटवर 'परफेक्ट' आणि 'निअर' अशा दोन याद्या येतात, त्यातली दुसरी बघितली तर काहीही शब्द आहेत, ते नक्की कुठल्या हिशोबाने घेतात? आणि ते वापरले तर समोर बसलेले हसतील का?

वेंगुर्लेकरीण:
भांडण मिटवते. स्पेलिंग बाजूला ठेवा आणि सगळे शब्द देवनागरीत लिहा. कोस्ट, पोस्ट, मोस्ट, होस्ट, घोस्ट: सगळीकडे ओ. लॉस्ट, कॉस्ट, फ्रॉस्ट: सगळीकडे ऑ. संपला विषय, मैत्रीण बरोबर आहे. इंग्रजीत यमक कानाचं, कागदाचं नाही. कागदावर सारखं दिसणारं पण कानाला न जुळणारं यमक पण असतं, त्याला ते आय-राइम म्हणतात, पण रॅप कोण वाचतंय.

उलटं पण होतं. हार्बर आणि बार्बर ही दोन स्पेलिंगं शेजारी ठेवा, वाटणारही नाही, पण यमक एकदम पक्कं. तेच हार्बर आणि लेबर, शेवटची अक्षरं तीच आणि जुळत काही नाही.

तुमच्यासाठी घोस्ट! कोकणात गाणं करताय आणि भूत नाही म्हणजे काय. देवचार, वेताळ, मुंजा, सगळा स्टॉक घरचाच आहे. आणि बोस्ट, म्हणजे फुशारकी. रॅपरला याहून सोयीचा शब्द कुठला?

गझलवेडा चिपळूण:
गझल लिहिणाऱ्याला हे समजायला फार वेळ लागू नये. किनारा, निखारा, पुकारा यांत नुसता 'रा' नाही, त्याच्या आधीचा 'आ' पण सांभाळावा लागतो, त्याला अलामत म्हणतात, सुरेश भटांनी गझलेची बाराखडी लिहून ठेवलीय ती बघा. इंग्रजीतही साधारण तेच, फक्त मोजायला सुरुवात कुठून करायची ते आघात ठरवतो. शब्दात जिथे शेवटचा जोर पडतो तो स्वर पकडायचा, तिथपासून शेवटपर्यंत सगळं सारखं पाहिजे आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं पाहिजे. म्हणून मॉन्सूनला नुसता मून, नून, जून चालतो कारण जोर 'सून'वर आहे, पण ओशनचा जोर पहिल्यावर, तिथे मोशन, डिव्होशन असा अख्खा तुकडा लागतो. मराठीत आपण असा जोर देत नाही त्यामुळे आपल्या कानातून हे नेमकं निसटतं. आणि सीकोस्टला कोस्ट जुळवू नका, तोच शब्द परत आला, ते यमक नव्हे.

निअर यादी म्हणजे आपला स्वरकाफिया, जिथे नुसता स्वर जुळतो, आणि त्याचे चुलतभाऊ. हसणार कोणी नाही.

मालवणचो झिल:
माका एक कळणा नाय, इंग्रजी शब्दाक इंग्रजीच यमक कित्याक होया? अर्धा गाणा मराठी हा ना? दोस्त घे. गोष्ट घे. कोस्ट, दोस्त, गोष्ट, घोस्ट, झाला की कडवा.

वेंगुर्लेकरीण:
@मालवणचो झिल हे भारी आहे! दोस्तचा त आणि कोस्टचा ट वेगळा, गोष्टमध्ये ष्ट, म्हणजे काटेकोर बघितलं तर दोन्ही निअरच, पण ओ आणि पाठचं जोडाक्षर इतकं जवळ आहे की बीटवर कोणाला कळणारही नाही. ओ सोडून द्यायची तयारी असेल तर कष्ट, स्पष्ट, मस्त, गस्त, फस्त, बंदोबस्त असा अख्खा डबा उघडतो. इंग्रजीतही तसंच करतात, कोस्टला मिस्ट, रस्ट, लास्ट. स्वर वेगळा पण स्ट तोच.

मालवणचो झिल:
फक्त आमच्याकडे गोष्ट नाय, गजाल म्हणतत. थंय यमक गेला तुझा.

भाट्येकर:
दोस्त आणि गोष्ट डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू थँक्यू. आता एक सांगा, त्या वेबसाइट कशावरून ठरवतात? आणि एका यादीत वॉटर आणि क्वार्टर परफेक्ट आहेत, दुसरीत नाहीत, हे कसं काय?

डोंबिवली व्हाया देवरूख:
मी सॉफ्टवेअरवाला, याचं उत्तर माझ्याकडे. बऱ्याच साधनांच्या मुळाशी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश असतो, फुकट मिळतो, १ लाख ३४ हजारांहून जास्त शब्द आहेत त्यात. प्रत्येक शब्दाचा उच्चार तुकडे करून लिहिलेला असतो आणि स्वरापुढे ०, १ किंवा २ असा आकडा, तो आघाताचा. १ म्हणजे मुख्य जोर. प्रोग्रॅम शेवटचा जोराचा स्वर शोधतो आणि तिथून पुढचं शेपूट ज्यांचं सारखं ते सगळे परफेक्टमध्ये टाकतो. गझलवेड्यांनी सांगितलं तेच, फक्त मशीनने. त्यात आडनावं आणि गावांची नावं ढिगाने आहेत म्हणून यादीत मधेच कोणीतरी अनोळखी माणूस येऊन बसतो, त्याला सोडून पुढे जायचं.

वॉटर-क्वार्टरचं कारण उच्चार अमेरिकन की ब्रिटिश. ब्रिटिश माणूस क्वार्टरमधला मधला र म्हणतच नाही म्हणून त्याला वॉटर, डॉटर, शॉर्टर सगळं एका माळेत. अमेरिकन र म्हणतो, तिथे क्वार्टर आणि शॉर्टर बाहेर पडतात. क्लर्कचं तसंच, ब्रिटिश क्लार्क म्हणतात, म्हणून पार्क आणि डार्कशी जुळतो. आमचे आजोबा कचेरीत आयुष्यभर क्लार्कच होते. तुम्ही स्टेजवर जसं बोलणार आहात तो उच्चार धरा, यादीचा नको.

आणि एक छुपा माल देतो. एन्ग्रोस्ड, लिहिताना शेवटी डी, बोलताना एन्ग्रोस्ट. कोस्टचं पक्कं यमक. स्पेलिंगवरून शोधणाऱ्याला जन्मात सापडणार नाही. क्लोज्ड आणि एक्सपोज्ड मात्र निअर, कारण तिथे झ आणि ड येतात, पण फार जवळचे निअर.

अलिबाग लोकल:
रॅप करतो म्हणून बोलतो. पक्कं यमक प्रत्येक ओळीला आलं ना की बालगीत वाटायला लागतं. हुकला पक्कं ठेव, घोस्ट किंवा बोस्ट, आणि मधल्या कडव्यात नुसता ओ धरून चाल: बोट, रोप, स्मोक, फ्लोट, होम, स्लो. बोट आणि रोप तर बंदरावर फुकट पडलेत. स नंतरचा ट गळाला तर अजून जवळ जाता येतं, क्लोस म्हणजे जवळचा या अर्थाने, डोस, ग्रोस.

मग दोन अक्षरी कर. कोस्टलला पोस्टल पक्कं, सोशल निअर. हॉस्टेल नाही, तो ऑ आहे, लय जण तिथे फसतात. कोस्टलाइन घेतलास तर मोस्ट टाइम्स, घोस्ट लाइट्स असे दोन-दोन शब्द मिळून जुळव, याला खरी मजा आहे. काजूवर ओळ असेल तर कॅश्यू आणि कॅच यू, घे, माझ्याकडून भेट.

गझलवेडा चिपळूण:
ऑरेंजला यमक नाही म्हणतात ते खरं का हो? असं ऐकलंय बुवा.

डोंबिवली व्हाया देवरूख:
जवळजवळ खरं. वेल्समध्ये ब्लॉरेंज नावाचा डोंगर आहे, तो जुळतो. सिल्व्हर आणि मंथचीही तीच रड. भाट्येकर सुटले, त्यांनी हापूस घेतला असता तर ऑरेंजपेक्षा बरं, मँगोला निदान टँगो आहे.

भाट्येकर:
हुक असं झालंय, बघा जरा:
लिसन माय दोस्त, धिस इज द कोस्ट,
आजीची गोष्ट, फणसाखाली घोस्ट,
होड्या वर, जाळी घरी, एव्हरीथिंग क्लोज्ड,
पौर्णिमेला नारळ, देन वुई बोस्ट.

अलिबाग लोकल:
चालतंय! तिसऱ्या ओळीत क्लोज्डच्या झवर रेंगाळू नकोस, पटकन तोड, म्हणजे कोस्टला चिकटतं. दुसरीत गोष्ट आणि घोस्ट एकाच ओळीत आलेत ते मस्त पडतंय, तिथे बीट थोडा रिकामा सोडायला सांग.

वेंगुर्लेकरीण:
एव्हरीथिंग क्लोज्ड जरा लॉकडाउनसारखं वाटतंय. कागदावर मासेमारीला बंदी १ जून ते ३१ जुलै, पण बरेच जण पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी बाहेर काढत नाहीत. मग 'वेटिंग फॉर ऑगस्ट' करा की. ऑगस्टचा जोर पहिल्या 'ऑ'वर आहे म्हणून पक्कं नाही, पण शेवटचा स्ट सापडतो आणि ओळ खरी होते.

भाट्येकर:
ऑगस्ट घेतला. तापट माणूस म्हणतो अक्षर जास्त होतंय, 'जाळी घरी' उडवा. जाळी उडवायची की 'होड्या वर' ते सांगा, उद्या संध्याकाळी प्रॅक्टिस आहे.

मालवणचो झिल:
जाळी ठेव. होडी काय, लोकांका दिसताच.