बहावा, पारिजातक, गुलमोहर: छाटणी नेमकी कधी?

अंगणवाली, सेलू (जि. परभणी)

नमस्कार. दारात नऊ वर्षांचा बहावा आहे, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला पारिजातक आहे आणि मागे गुलमोहर. मागच्या वर्षी फांद्या गच्चीवर यायल्या म्हणून होळीच्या आधी गडी लावून बहावा चांगला उतरवून घेतला. एप्रिल-मेमध्ये गावातले बाकीचे बहावे पिवळेधमक, आमच्या झाडाला नुसता पाला. सासूबाई रोज सकाळी दारात येऊन वर बघायच्या, बोलायच्या काही नाहीत. मग आषाढात पारिजातकाची उंची कमी केली. एरवी गणपतीत परडी भरून सडा पडतो, यंदा ओंजळही निघाली नाही. आता संक्रांत झाली. गुलमोहराची मांडीएवढी जाड फांदी शेजारच्यांच्या पत्र्यावर गेलीय. शेजारी म्हणतात मृगात तोडा, भाऊ म्हणतो थंडीतच. कुणाचं ऐकू?

काळी जमीन, बीड

आमच्याकडे पहिला पाऊस पडला की सगळीच झाडं छाटतात. ओल असते, फुटवा पटकन येतो. एकही झाड मेलेलं नाही आजवर.

रोपवाटिकावाला, लातूर

झाड मरत नाही हे खरं, पण त्या वर्षीचं फूल जातं. ताईंच्या दोन्ही झाडांचं तेच झालंय. बहाव्याची वेळ पारिजातकाला लागली आणि पारिजातकाची बहाव्याला.

बहाव्याचे घोस जुन्या फांदीवर लोंबतात. पावसाळ्यात वाढलेली फांदी थंडीत पक्की होते आणि उन्हाळ्यात फुलते. होळीआधी तुम्ही तीच काढलीत. म्हणून बहाव्याला फुलं सरली की महिन्याभरात, जून-जुलैत, चार दिवसांची उघडीप बघून हात लावायचा. तोही हलका: वाळलेलं, आत घुसलेलं, एकमेकांवर घासणारं तेवढंच. गुलमोहराचंही फुलं झाल्यावरच. पारिजातकाचं उलट आहे. त्याला कळ्या लागतात त्या चालू वर्षाच्या नव्या फुटीच्या शेंड्याला, श्रावण-भाद्रपदाच्या तोंडावर. आषाढात शेंडे गेले की कळी कुठे धरणार? तो माघात छाटायचा, म्हणजे आता थोड्या दिवसांत. उंचीचा तिसरा हिस्सा काढला तरी चालतो, पावसाळ्यापर्यंत भरून येतो. जून लागल्यावर मात्र कात्री बंद. आपल्या राज्याचं फूल ताम्हण, तेही नव्या फुटीवरच फुलतं, त्यालाही पालवीच्या आधीच.

पण पाणी असेल तरच. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात मी माझा जुना पारिजातक छाटला होता. सावली जाऊन खोडावर थेट ऊन पडलं, पश्चिमेची साल उभी तडकली, वरच्या फांद्या टोकाकडून वाळत खाली आल्या. वाचवता आला नाही. भर उन्हाळ्यात हिरवी फांदी कापू नका हे तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

पत्र्यावरच्या फांदीला नियम लावू नका. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात मोडतं. तेवढ्या फांदीची फुलं जाऊ द्या, आताच काढा. कोयता नको, करवत घ्या. खोडापासून हातभर लांब, आधी खालून तिसरा हिस्सा कापा. मग त्याच्या जरा पुढे वरून. फांदी पडली की राहिलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढा. ते कडं कापू नका, जखम तिथूनच भरते. एकदम वरून कापलं तर फांदी पडताना खोडाची साल सोलत जाते. फांदी आधी दोराने बांधून घ्या. आणि हद्द नगरपालिकेची आहे, 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागतो, तेव्हा आधी तिथे विचारून घ्या.

जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी एक लिटर. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये वेगवेगळं विरघळवून तिसऱ्या प्लास्टिकच्या बादलीत एकत्र ओता. लोखंडी भांडं नको.

गच्चीबाग, नांदेड

काका, पांढऱ्या चाफ्याचं कसं? माझा नुसता उंच गेलाय.

रोपवाटिकावाला, लातूर

आता पानं गळालेली असतील तर आताच. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कापलेले तुकडे आठ-दहा दिवस सावलीत सुकवून लावा, सगळे लागतात.

अंगणवाली, सेलू

काका, मोरचूद आणून केलं. बरोबर झालं हे ओळखायचं कसं? आणि बहावा यंदा तरी फुलेल का? सासूबाई विचारायल्यात.

रोपवाटिकावाला, लातूर

त्यात लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. मिश्रण त्याच दिवशी वापरा. बहाव्याला मागच्या पावसाळ्यापासून हात लावला नाही ना? मग त्या फांद्या तयार आहेत. आईंना सांगा, मेपर्यंत वाट बघा.

अंगणवाली, सेलू

नाही लावला, एक पानसुद्धा तोडलं नाही. पातं तांबूस झालं होतं, दोन चमचे चुना वाढवला, मग नाही झालं. नगरपालिकेत उद्या जाऊन येते. करवत शेजाऱ्यांनीच दिली, त्यांचा मुलगा दोर धरणार आहे.