डाव्या बाजूचं कार्पेट ओलं किच्च, पाणी येतंय कुठून?

घाटरस्ता: नमस्कार मंडळी, गाडी पेट्रोल हॅचबॅक, जुनी आहे पण तक्रार कधी नव्हती. आता पावसाळा सुरू झाल्यापासून ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे पाय ठेवतो तिथलं कार्पेट ओलं राहतंय, मॅट उचलली की खाली फोम पिळला तर पाणी निघतं आणि कुबट वास. वळणावर डॅशबोर्डच्या आत पाणी डुचमळल्याचा आवाजही येतो. गॅरेजवाला म्हणतो डॅशबोर्ड खोलून कूलिंग कॉइल बघावी लागेल. घरी काही करता येईल का?

पानापक्कड: डॅशबोर्डला हात लावू देऊ नका अजून!! आधी पाणी कसलं ते बघा. पांढऱ्या टिश्यूने टिपा. रंग आला, बोटाला चिकट लागलं, गोडसर वास आला तर ते कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव), म्हणजे हीटर कोअर (डॅशबोर्डच्या आतला, हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय, मग गॅरेजच. (चाखून बघू नका, विषारी असतं.) इंजिन गार असताना कुलंटच्या बाटलीची लेव्हलही बघा. साधं पाणी असेल तर बहुतेक एसीची ड्रेन नळी चोक झालीय. एसीत हवेतली वाफ कॉइलवर गारठून पाणी होते, ते नळीने गाडीखाली पडायला हवं, तिथे अडलं की आत सांडतं. डुचमळतंय म्हणताय ना, मग मला तरी तेच वाटतं.

कोकणातला_बाब्या: पाणी साधं निघालं तर दादा एक सोपी टेस्ट कर, पाऊस नसताना गाडी मोकळ्या जागी उभी करून एसी फुल्ल लाव १५-२० मिनिटं आणि खाली वाकून बघ, आपल्याकडच्या दमट हवेत थेंब थेंब पडलंच पाहिजे, नाही पडलं तर नळी बंद. पडत असेल तर एसी बंद करून पुढच्या काचेवर पाईपने पाणी सोड आणि दुसऱ्याला आत टॉर्च घेऊन बसव. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांची वायपरखालची जाळी त्या बारीक पानांनी गच्च भरते, मग पाणी ब्लोअरच्या वाटेने आत.

घाटरस्ता: पाणी साधंच आहे, एसी लावून खाली थेंबही नाही. नळी सापडली, इंजिनमागच्या पत्र्यातून रबराचं टोक बाहेर आलंय. तार घालू का?

पानापक्कड: कडक तार नको, आत कॉइल आहे, भोक पडलं तर गॅस गेला आणि खर्च कुठल्या कुठे. टोक बोटांनी दाबून चोळा, चिखल बसलेला असतो. मग जाड नायलॉनची दोरी हळू फिरवा. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, आतला जोड निसटतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावा.

घाटरस्ता: टोक चोळल्यावर आधी काळा गाळ आला आणि मग भसकन पाणी, तोंड बाजूला होतं म्हणून वाचलो 😅 आता एसी लावला की खाली टपटप चालू. धन्यवाद दोघांनाही.

सासवडकर: कार्पेट वरून पुसून सोडू नका हां, खरं पाणी खालच्या फोममध्ये असतं. सीटचे बोल्ट काढता आले तर उत्तम, नाहीतर कडा उचलून खाली लाकडाचे ठोकळे सरकवा आणि पंखा लावा. खाली वायरिंगचे कनेक्टर असतात, ते ओले राहिले की भलभलते लाइट लागतात मीटरवर. ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टरही काढून बघा, कुबट वास बऱ्याचदा त्यातच मुरलेला असतो.